एक्सरे नॉर्मल आला तरी काटा आत असू शकतो: माळीकाम आणि झाडकटाई करणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडच्या काही सोसायट्यांच्या बागा सांभाळायचं कंत्राट आहे, हाताखाली पंधराएक माणसं. त्यातल्या एका माळ्याला फिनिक्स पामच्या सुकलेल्या झावळ्या काढताना उजव्या हाताच्या मधल्या बोटात पेराजवळ काटा घुसला, त्याने तिथल्या तिथे उपटून फेकला, दोन दिवस दुखलं मग बरं वाटलं, आणि आता तीन आठवड्यांनी बोट सुजलंय, नीट वाकत नाही, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, घेतलं की चार दिवस बरं, बंद केलं की परत सूज, आणि एक्सरे नॉर्मल. तर आता पुढे काय, आणि बाकीच्या लोकांची काळजी कशी घ्यायची, दर वेळी टीटी मारायचं का, किटमध्ये काय ठेवायचं. मी जनरल सर्जन आहे, ठाण्यातच प्रॅक्टिस करतो, मे महिन्यात पावसाआधीची झाडकटाई सुरू झाली की अशी बोटं आणि असे पाय ओपीडीत यायला लागतात, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी त्या माळ्याचं. काट्याचा तुकडा आत आहे असं धरूनच चाला, नाही हे सिद्ध होईपर्यंत. एक्सरेत हाड दिसतं, खिळा दिसतो, काच पण बहुतेक वेळा दिसते, पण लाकूड आणि काटा जवळपास कधीच दिसत नाही कारण त्याची घनता आपल्या मांसासारखीच असते. त्यामुळे "एक्सरे नॉर्मल आहे, काही नाही, गोळ्या घ्या" हे वाक्य काट्याच्या बाबतीत निरर्थक आहे. एक्सरे काढू नये असं नाही, हाडाला काही झालंय का, हे बघायला तो लागतोच, पण काटा शोधायची तपासणी म्हणजे सोनोग्राफी. पोटाची करतात ती नाही, बारीक वरवरच्या भागाची, हाय फ्रिक्वेन्सी लिनिअर प्रोब लावून करतात ती. चिठ्ठीवर नुसतं "बोटाची सोनोग्राफी" लिहून पाठवू नका, डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या की फिनिक्स पामचा काटा अमुक तारखेला इथून घुसला, तुकडा राहिल्याची शंका आहे. रेडिओलॉजिस्टला काय शोधायचं ते माहीत असलं की दोन-तीन मिलिमीटरचा तुकडाही सापडतो, पांढरी चकचकीत रेघ दिसते आणि भोवती काळसर कडं, म्हणजे शरीराने त्याच्याभोवती पू किंवा सूज धरलेली असते. आणि सापडला की तिथेच कातडीवर मार्करने खूण करून घ्यायला सांगा, ऑपरेशन करणाऱ्याचा अर्धा तास वाचतो.

अँटिबायोटिक घेतलं की चार दिवस बरं, बंद केलं की परत सूज, हे जे तुम्ही लिहिलंय तेच सगळ्यात मोठं लक्षण आहे. आत परकी वस्तू असेल तर गोळ्या आजूबाजूचे जंतू मारतात, पण काट्यावर बसलेले जंतू तसेच राहतात. तिसरा कोर्स, अजून स्ट्राँग गोळी, असं करत बसू नका.

आणि एक शक्यता अशी की जंतू फारसे नाहीतच. काटा सांध्यात घुसला असेल तर त्याचे बारीक बारीक कण सांध्याच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि ते अस्तर सुजतं, याला प्लांट थॉर्न सायनोव्हायटिस म्हणतात. खजुराच्या जातीचे काटे यासाठी बदनामच आहेत, आणि फिनिक्स पाम हा खजुराचाच भाऊबंद. यात पहिल्या दिवशी दुखतं, मग मधे आठवडा-दोन आठवडे, कधी महिनाभर सुद्धा काहीच नाही, आणि मग सांधा सुजतो, सकाळी आखडतो. मधल्या काळात माणूस काटा विसरून गेलेला असतो, डॉक्टरपण विचारत नाहीत, मग युरिक अॅसिड तपासलं जातं, संधिवातासाठी आरए फॅक्टर तपासला जातो, गुडघा असेल तर टीबीचीही शंका घेऊन झालेली असते. काटा हाडाला टेकून राहिला असेल तर काही महिन्यांनी एक्सरेत हाड खाल्ल्यासारखं दिसतं आणि घरच्यांना कॅन्सरची भीती घातली जाते. उपाय एकच, सांधा उघडून किंवा दुर्बिणीने काटा काढायचा आणि सुजलेलं अस्तर साफ करायचं, आणि काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवायचा आणि जंतूंच्या तसंच बुरशीच्या कल्चरलाही, म्हणजे लॅबमध्ये वाढवून ओळखायला, पाठवायचा. हे काम हाताच्या सर्जनचं किंवा ऑर्थोचं, गल्लीतल्या दवाखान्यात चिरा मारून चिमट्याने चाचपडण्याचं नाही. बोटात नस, रक्तवाहिनी, टेंडन म्हणजे बोट वाकवणारी दोरी, सगळं तांदळाच्या दाण्याइतक्या अंतरावर असतं.

तीन आठवडे थांबलाय म्हणून अजून चार दिवस थांबेल असं समजू नका, फक्त हे बघा: अख्खं बोट दोडक्यासारखं सुजलंय का, आपोआप अर्धवट वाकलेलं राहतं का, तळव्यापासून टोकापर्यंत टेंडनच्या रेषेवर दाबलं की दुखतं का, आणि दुसऱ्याने हळूच सरळ करायला घेतलं की कळ मस्तकात जाते का. या चार खुणा असतील तर टेंडनच्या नळीत पू झालाय. ही त्याच दिवशी अॅडमिट करायची गोष्ट आहे, रात्री असेल तर रात्री. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल असो की दुसरं कुठलं, जिथे ऑपरेशन थिएटर चालू आहे तिथे न्या. टेंडन एकदा सडलं की बोट आयुष्यभर ताठ राहतं, आणि ज्याला कात्री-कोयता धरायचाय त्याचं म्हणजे पोटच गेलं.

आता मुळात काटा लागतो तेव्हाचं. नव्वद टक्के भवितव्य पहिल्या पाच मिनिटांत ठरतं असं मी माझ्या पेशंटना सांगतो, आकडा शास्त्रीय नाही, अनुभवाचा आहे. लोक करतात काय की उपटतात आणि फेकतात. उपटा जरूर, पण फेकू नका, बघा. काट्याला निमुळतं अणकुचीदार टोक आहे का? टोक शाबूत असेल तर पूर्ण निघाला. टोक बोथट किंवा तुटल्यासारखं दिसतंय तर उरलेलं आत आहे. मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितलं की लगेच कळतं. आणि तो काटा कागदी टेपवर चिकटवून तारीख टाकून ठेवून द्या, महिन्याने डॉक्टर विचारेल कसला काटा तर दाखवायला बरं. हे ऐकून माळी हसतात, हसू देत.

काढायचा कसा तर ज्या कोनातून घुसलाय त्याच कोनातून मागे ओढायचा, सरळ वर नाही, तिरका घुसलेला काटा सरळ ओढला की मोडतो. बाजूने दाबून पिळून काढायच्या फंदात पडू नका, मऊ काटा चुरगळतो आणि आत पसरतो. टोक वर दिसत नसेल पण कातडीखाली काळी रेघ दिसतेय आणि ती वरच्या थरातच आहे, तर साबणाने धुऊन, स्पिरिट लावून, नव्या सीलबंद इंजेक्शनच्या सुईने वरची कातडी रेघेच्या लांबीभर उघडायची आणि मग चिमट्याने उचलायचा. काम करणाऱ्या बायकांच्या बांगडीत सेफ्टी पिन अडकवलेली असतेच आणि येऊरच्या पाड्यांवरच्या बाया त्या पिनेने काटा इतका सफाईने काढतात की आमच्या इंटर्न मुलांनी शिकावं, हातावर माझा आक्षेप नाही, पिनेवर आहे. तीच पिन साडीला, तीच ब्लाऊजला, तीच तिघींच्या पायाला. बाभळीच्या दुसऱ्या काट्याने उकरतात ते तर नकोच, एक तुटलेला आत असताना दुसरा तुटायचा.

जखम तासभर कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा सल्ला बरेच देतात. काच किंवा लोखंडाचा कण असेल तर ठीक, पण काटा लाकडाचाच, पाणी पितो, फुगतो, मऊ होतो आणि ओढताना तुकडे होतात. आधी काढा, मग धुवा. धुवायला नळाचं वाहतं पाणी आणि अंगाचा साबण पुरतो, पाच मिनिटं घड्याळ लावून. जंतुनाशक पाण्यात न मिसळता थेट जखमेत ओतू नका, कातडी भाजते. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा, पट्टी बांधा, बास. काट्याच्या भोकाला टाका घालायचा नसतो, ते उघडं राहिलेलंच बरं.

गावठी उपायांबद्दल विचारलं नाहीत, पण लोक करतातच म्हणून. रुईचा चीक लावला की काटा वर येतो म्हणतात, चिकाने कातडी जळते, सुजते, आणि सूज आली की कधी काटा थोडा वर ढकलला जातो एवढंच, आणि तोच चिकाचा हात डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा. बिब्ब्याचा चटका त्याहून वाईट, फोड येऊन जखम दहापट मोठी झालेली घेऊन लोक येतात. गरम गुळाचा चटका, तोही नको. हळद वरून लावली तर मी काही बोलत नाही, पण भोकात भरू नका.

काटा नखाखाली घुसून तुटला, तळहातात खोल गेला, सांध्याच्या रेषेवर लागला, मनगट, गुडघा, गळा, डोळ्याच्या आसपास लागला, किंवा काढल्यावरही आत काहीतरी टोचतंय असं माणूस म्हणतोय, तर साइटवर उकरायचं नाही. माणूस "आत आहे" म्हणतो तेव्हा बहुधा असतोच, त्याचं ऐका. नखाखालचा असेल तर आम्ही बोटाच्या मुळाशी भूल देऊन नखाची छोटी पाचर कापतो, दहा मिनिटांचं काम, नख परत येतं. उलट अगदी वरवरचा बारीक कण राहिलाय, दुखत नाही, लाल नाही, तर त्याच्या मागे लागून खड्डा करू नका, कातडी जुनी झाली की आपोआप बाहेर पडतो.

कुठलं झाड हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडे बोगनवेलीचा काटा वाकडा आणि कठीण, ओरबाडतो जास्त, मोडतो कमी. लिंबू आणि बोरीचा काटा सरळ खोल जातो. बाभूळ आणि वेडी बाभूळ चपलेच्या तळातून आरपार येतात, ऐरोली ते बेलापूर खाडीकडेच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांना विचारा. करवंदीचा काटा दुफाटा आणि चीकवाला, पारसिकच्या डोंगरावर आणि खारघर हिलला वृक्षारोपणाला गेलेले हौशी लोक तेच घेऊन येतात. टणटणीचे काटे बारीक, खाज जास्त. पण सोसायट्यांच्या बागेत मला सगळ्यात राग कुणाचा येत असेल तर त्याच फिनिक्स पामचा. दिसायला शोभेचं, लॉबीच्या दाराशी, मुलं खेळतात तिथे लावलेलं, आणि झावळीच्या बुडाशी सुयांसारखे कडक काटे, पानांआड लपलेले. बोगनवेल छाटताना माणूस सावध असतो, पाम साफ करताना मोकळ्या हाताने झावळी मुठीत धरून ओढतो. तुमच्या साइटवर फक्त एक नियम लावायचा झाला तर हा लावा: पामची झावळी हाताने ओढायची नाही, आधी बुडाचे काटे लांब दांड्याच्या कात्रीने छाटायचे.

नर्सरीवाले ज्याला युफोर्बिया म्हणतात, लाल-गुलाबी फुलांचा काटेरी, त्यात काट्यापेक्षा दूध वाईट. हाताला जळजळ, डोळ्यात गेलं तर लगेच वाहत्या पाण्याने किमान वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे. खाडीतल्या गेवा या झाडाच्या चिकाचंही तसंच. निवडुंगाच्या कुंड्या हलवताना जे केसासारखे असंख्य बारीक काटे भरतात त्याला चिमट्याने एकेक काढत बसलात तर संध्याकाळ होईल, मोठे दिसतील तेवढे चिमट्याने काढा, मग फेव्हिकॉलचा पातळ थर, त्यावर गॉझची एक पट्टी, पूर्ण वाळू द्या आणि ओढा, बहुतेक निघून येतात. फेव्हिकॉल म्हणजे पांढरा सुतारकामाचा, झटपट चिकटणारा नाही.

टीटीबद्दल. दर वेळी काटा लागला की टीटी हा आपल्याकडचा रिवाज आहे, औषध नाही. सरकारी लसीकरणात २०१९ पासून टीटीच्या जागी टीडी आली, म्हणजे धनुर्वातासोबत घटसर्पही. ज्याचे मूळचे तीन डोस झालेत त्याला साध्या स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसला १० वर्षं झाली असतील तरच, आणि माती-शेणखत लागलेल्या खोल जखमेला ५ वर्षं झाली असतील तर एक डोस. माळीकामातला काटा म्हणजे खत-मातीतलाच, त्यामुळे ५ वर्षांचा हिशोब धरा. पण खरी अडचण वेगळी आहे, बाहेरून कामाला आलेल्या बऱ्याच जणांचे लहानपणीचे डोस झालेत का हे त्यांनाच माहीत नसतं, आणि त्यांना एक इंजेक्शन मारून आपण निवांत होतो. त्यांना आज एक, चार आठवड्यांनी दुसरा, आणि सहा महिने ते वर्षाने तिसरा द्यावा लागतो, आणि जखम घाण असेल तर पहिल्या डोससोबत दुसऱ्या जागी २५० युनिटचं टीआयजी नावाचं तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, कारण लस स्वतःची ताकद यायला वेळ घेते आणि धनुर्वात साधारण ३ ते २१ दिवसांत कधीही दिसू शकतो. तुम्ही एक वही करा, प्रत्येकाच्या नावापुढे टीडीची तारीख. जबडा आखडणं, गिळायला त्रास, मान-पाठ ताठ, असं कुणी सांगितलं तर ती सर्दी-मानदुखी समजू नका.

नेहमीचा जंतुसंसर्ग दोन-तीन दिवसांत कळतो. लाली वाढत जाते, ठणका रात्री झोपू देत नाही, पू, ताप, काखेत किंवा जांघेत गाठ. बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ मारून ठेवा, सहा-आठ तासांनी लाली रेघेबाहेर गेली किंवा हातावर लाल पट्टा वर चढताना दिसला तर दवाखाना. प्रत्येक काट्याला "खबरदारी म्हणून" अँटिबायोटिक द्यायची गरज नाही, मधुमेह, खोल घाण जखम, सांधा, असं काही असेल तर डॉक्टर ठरवतील. मेडिकलवाला जी मिक्स ट्यूब देतो, ज्यात स्टेरॉइड पण असतं आणि बुरशीचं औषध पण, ती लावूच नका. स्टेरॉइडने लाली दबते, लोकांना वाटतं उतरलं, आणि आतलं पसरत राहतं.

आता उशिरा दिसणारे आजार. गुलाब, गवत, माती यातून येणारी स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी. काटा लागल्यावर काही आठवड्यांनी त्या जागी न दुखणारी गाठ, फुटते, भरत नाही, आणि मग हातावर वरच्या दिशेने एकापाठोपाठ एक गाठींची रांग. आपल्या देशात हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात जास्त दिसते, पण रांग दिसली की डोक्यात आलीच पाहिजे. तुकडा काढून कल्चरला पाठवायचा, इट्राकोनॅझोल तीन ते सहा महिने, अर्धवट सोडायचं नाही. अशाच न भरणाऱ्या गाठी टीबीच्या जातीच्या जंतूंनीही होतात, म्हणून अंदाजाने गोळी नको, बायोप्सी हवी.

दुसरा मायसेटोमा, मदुरा फूट. अनवाणी चालणाऱ्याच्या पायात काटा जातो, महिन्यांनी किंवा वर्षांनी पाऊल हळूहळू जाड होतं, छोटी छोटी भोकं पडतात आणि त्यातून रव्यासारखे दाणे येतात, काळे, पांढरे किंवा पिवळट. नाव मदुराईवरून पडलं तरी त्याचा पाया घातलेला अभ्यास आपल्या मुंबईत झाला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टरने, मायसेटोमा हे नावही त्यानेच रूढ केलं आणि १८७४ साली त्यावर सविस्तर लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने तो दुर्लक्षित आजारांच्या यादीत घ्यायला २०१६ उजाडलं. दुखत नाही म्हणून लोक येत नाहीत, हाच त्याचा धोका. दाणे दिसले तर पुसून टाकू नका, स्वच्छ डबीत घालून आणा, बुरशीचा की जिवाणूंचा यावर औषध पूर्ण बदलतं, जिवाणूंचा असेल तर गोळ्यांनी छान बरा होतो.

पायाचंच निघालंय तर कुरूप. "काटा मोडून कुरूप झालं" असं दहातले सहा जण म्हणतात आणि त्यातले बरेच चुकीचे असतात, चपलेचा दाब एकाच जागी पडून कातडी जाड झालेली असते, किंवा व्हायरसचा मस असतो. पण काही जणांच्या आत खरंच काटा असतो, म्हणून ब्लेडने घरी तासू नका, आणि कुरुपाच्या पट्ट्या, ज्यात कातडी जाळणारं अॅसिड असतं, मधुमेह असणाऱ्याने अजिबात लावायच्या नाहीत. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असेल तर काटा घुसून आठ दिवस झाले तरी पत्ता लागत नाही, वास येतो तेव्हा कळतं. तुमच्या पंधरा माणसांत चाळिशीपुढचे किती आहेत बघा, त्यांची एकदा शुगर करून घ्या, आणि शुगरवाल्यांनी रोज कामावरून गेल्यावर तळवे आरशात किंवा बायको-पोरांकडून बघून घ्यायचे. काटा बुटाच्या रबरी तळातून आरपार आला असेल तर त्या ओल्या रबरात स्युडोमोनास नावाचा जंतू वाढलेला असू शकतो, तो हाडापर्यंत जातो आणि नेहमीच्या गोळ्यांना जुमानत नाही, म्हणून "बुटातून लागला" हे डॉक्टरला आवर्जून सांगा.

सगळ्यात गंभीर गोष्ट मधेच सांगतोय पण चुकवू नका. गवतात हात घातला, टोचलं, आणि काटा दिसलाच नाही, तर तो काटा होता असं गृहीत धरायचं नाही. येऊर, मानपाडा, गवळीदेव, खारघर, या डोंगराच्या पट्ट्यात फुरसं आणि घोणस हे विषारी साप आहेत, आणि फुरशाचा दंश एवढासा असतो की माणूस काटाच म्हणतो. सूज भराभर चढतेय, टोचल्या जागेतून रक्त थांबत नाही, हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, किंवा पापण्या जड, बोलताना जीभ अडखळते, तर १०८ ला फोन, माणसाला चालवायचं नाही, हात-पाय स्थिर ठेवायचा, अंगठी-कडं काढायचं, घट्ट बांधायचं नाही, चिरा मारायचा नाही. हॉस्पिटलात काचेच्या साध्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवून गोठतंय का बघतात, घोणस-फुरशाच्या विषात त्यावरून लगेच अंदाज येतो, पण गोठलं म्हणजे सुटलो असं नाही, मण्यारीच्या विषाने रक्त गोठायचं थांबत नाही, म्हणून २४ तास देखरेखीखाली राहायचं. आणि विटा, दगड, पालापाचोळा उचलताना टोचलं, दरदरून घाम सुटला, उलट्या, हात-पाय गार पडले तर लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून कोकणातले किती जीव वाचवले ते आता जगभर शिकवतात, पण त्यासाठी पेशंट वेळेत यायला हवा.

खाडीत, कांदळवनात साफसफाई करणाऱ्यांचं थोडं वेगळं. मारांडीच्या पानांचे काटे पायाला ओरबाडतातच, आणि खाऱ्या-मचूळ पाण्यातल्या जखमेत व्हिब्रिओ जातीचे जंतू जातात. लिव्हर खराब असलेला, रोजचा दारू पिणारा माणूस असेल तर काही तासांत पाय काळा-निळा होऊन फोड येतात, तिथे सकाळची वाट बघायची नाही. आणि आपल्या कोळी-आगरी बांधवांना माहीतच आहे, पाकट किंवा शिंगाळा या माशांचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, तासभर पाय बुडवायचा, कारण त्या काट्यात विष असतं आणि ते उष्णतेने निकामी होतं. हाच नियम झाडाच्या काट्याला लावू नका, तिथे विष नाही, वर सांगितलं तसं लाकूड फुगतं फक्त.

डोळ्याला फांदी किंवा बांबूचं पान लागलं, काटा शिवून गेला, तर चोळायचं नाही, मध-तूप-दूध काही घालायचं नाही, आणि घरात पडलेले जुने ड्रॉप्स तर मुळीच नाहीत, त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळात बुरशी वाढून डोळा जाऊ शकतो. काटा रुतलेला दिसत असेल तर ओढू नका, वरून कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टी लावा आणि न्या.

संरक्षणाचं मी फार लांबवत नाही. कापडी हातमोजे काट्याला काही अडवत नाहीत, पामला आणि बोगनवेलीला कोपरापर्यंतचे चामड्याचे हवेत, मे महिन्यात घामाने लोक काढून ठेवतात हे मला माहीत आहे, मग काटेरी कटाई सकाळी दहाच्या आत उरका. डोळ्याला साधा पारदर्शक गॉगल. पण माझ्याकडे जे येतात त्यात छाटणारे कमी आणि गोळा करणाऱ्या बायका जास्त, हे लक्षात घ्या. छाटणाऱ्याला ठेकेदार हातमोजे-बूट देतो, खाली पडलेल्या फांद्या कवेत घेऊन भारा बांधणारी बाई स्लीपरवर असते. तिला बूट द्या, आणि फांद्या हाताने नाही, पंजा-दाताळ्याने ओढून जाड ताडपत्रीवर घेऊन ओढत न्यायची पद्धत लावा. किटमध्ये बारीक टोकाचा चांगला चिमटा, सीलबंद सुया, स्पिरिट, पोव्हिडोन आयोडीन, गॉझ, कागदी टेप, साबणाची वडी, भिंग, आणि वापरलेल्या सुया टाकायला जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा. याहून जास्त काही नको, कुणी उघडत नाही.

आणि खर्चाचं, कारण सोनोग्राफी-ऑपरेशन म्हटलं की माळी गावी पळतो. तुम्ही ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, भरत असाल, महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर तो त्यात बसतो, आणि कामावर लागलेला काटा म्हणजे कामावरची दुखापतच आहे, अपघात म्हणजे हात तुटणंच असं काही नाही. वागळे इस्टेट आणि वाशी, दोन्हीकडे ईएसआयचं हॉस्पिटल आहे. किमान ३ दिवस काम बुडालं तर पगाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास भरपाई मिळते, पण त्यासाठी काटा लागला त्या दिवशी तुमच्या अपघात रजिस्टरला नोंद हवी आणि रिपोर्ट वेळेत गेलेला हवा. तीन आठवड्यांपूर्वीची नोंद नसेल तर आजच्या आज खऱ्या तारखेसह, उशीर का झाला ते लिहून, सोबत काम करत असलेल्या दोघांची सही घेऊन करा, आणि त्याला उद्या सकाळी सोनोग्राफीला पाठवताना त्या नोंदीची झेरॉक्स सोबत द्या.